एक दिवस, एक बाजू: घरच्या रेकॉर्ड्समधलं रोजचं ऐकणं इतरांपर्यंत नीट कसं पोचवावं

कव्हरचा फोटो, खाली 'निव्वळ अप्रतिम!' आणि दोन हात जोडलेले. जॅझ आणि शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्ड्स जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत रोज असे फोटो येऊन पडतात. पाहणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. ध्वनिमुद्रण कोणत्या सालचं, कोणती बाजू लावली, साथीला कोण, कान कुठे द्यायचा, यातलं काहीही कळत नाही. दोन वर्षांनी पाठवणाऱ्यालाही आपण त्या दिवशी नेमकं काय ऐकलं होतं ते आठवत नाही.

चुका जवळपास ठरलेल्या असतात. पुनर्मुद्रणाचं साल ध्वनिमुद्रणाचं म्हणून दिलं जातं, वादकांची नावं आठवणीतून लिहिली जातात, सोबत भलत्याच ध्वनिमुद्रणाची लिंक जाते. या सगळ्याचं मूळ मला एकाच गोष्टीत दिसतं: आधी फोटो, मग ऐकणं आणि शेवटी जमलं तर लिहिणं, असा उलटा क्रम. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. नोंद वाचून समोरच्याला तेच ध्वनिमुद्रण शोधता आलं आणि त्यात काय ऐकायचं ते कळलं, तर काम झालं.

१. तयारी: आधी वही, मग टर्नटेबल

वही कागदाची असो वा संगणकावरची तक्त्याची, रकाने आधी आखा. माझ्या मते एवढे पुरतात: तारीख, घरचा क्रमांक, कलाकार, लेबल (म्हणजे रेकॉर्ड कंपनी) आणि कॅटलॉग क्रमांक, मोनो की स्टिरिओ, ध्वनिमुद्रणाची तारीख व ठिकाण, ही प्रत कधीची, ऐकलेली बाजू, साथीदार, निरीक्षण. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा.

प्रत्येक रेकॉर्डला घरचा एक क्रमांक द्या. तो आतल्या कागदी पिशवीच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने लिहा. कव्हरवर बॉलपेनने काहीही लिहू नका. चिकटपट्टीवर क्रमांक लिहून ती कव्हरला लावलीत, तर काही वर्षांनी पट्टी निघताना छपाई सोबत घेऊन येते.

हाताशी असाव्यात अशा वस्तू: कार्बन फायबरचा ब्रश, सुईसाठी छोटा ब्रश, टॉर्च, भिंग आणि पेन्सिल. भिंग कशाला, ते तिसऱ्या टप्प्यात कळेल.

साठवणीबद्दल थोडक्यात. रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, एकमेकींना टेकून तिरक्या नकोत आणि आडव्या थप्पीत तर नकोतच. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात कव्हरवर आणि तबकडीवरही बुरशीचे पांढरट ठिपके येतात. तेव्हा भिंतीला लागून असलेल्या कपाटाच्या मागे हवा खेळेल इतकी जागा सोडा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळेवर बदला. जाड पीव्हीसीच्या पिशव्या दिसायला छान, पण त्यांच्यामुळे कालांतराने तबकडीवर धुरकट थर धरतो. पॉलिथीनच्या पातळ पिशव्या घ्या.

*तपासा:* कपाटातली कोणतीही रेकॉर्ड क्रमांकावरून मिनिटभरात काढता येते का? येत नसेल तर पुढे जाऊ नका. रोज शोधाशोध करावी लागली की हा उपक्रम आठवड्यात बंद पडतो.

२. काय लावायचं ते आदल्या रात्री ठरवा

रोजचं एकक एक बाजू. पूर्ण एलपी (मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी मोठी रेकॉर्ड) लावायच्या फंदात पडू नका. एलपीची बाजू साधारण वीस ते पंचवीस मिनिटांची. कामावर जाण्याआधी किंवा संध्याकाळी परतल्यावर एवढा वेळ मिळतो, आणि एका बाजूबद्दल नेमकं लिहिता येतं. चाळीस-पन्नास मिनिटं ऐकून लिहायला बसलं की 'एकूण अनुभव छान' याच्यापुढे पेन्सिल सरकत नाही.

हिंदुस्थानी संगीताला हे एकक आणखी एका कारणाने शोभतं. एचएमव्हीच्या ईएएलपी १२५३ या रेकॉर्डवर उस्ताद अमीर खाँ यांचा एका बाजूला मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा दिवेलागणीचा, दरबारी मध्यरात्रीकडे झुकलेल्या वेळेचा. लागोपाठ दोन्ही बाजू लावल्या की दरबारी सुरू होताना कानात मारव्याचा कोमल रिषभ घोळतच असतो आणि दोघांवरही अन्याय होतो. मारवा आज संध्याकाळी लावा, दरबारी उद्या जेवणं उरकल्यावर.

पाश्चात्त्य संगीतात बाजू कुठे तुटते ते आधी बघा. कार्लोस क्लाइबरने व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून वाजवून घेतलेली बीथोव्हेनची पाचवी सिंफनी (डॉइशे ग्रामोफोन, २५३० ५१६) घ्या. पहिल्या बाजूला पहिल्या दोन मूव्हमेंट्स, म्हणजे सिंफनीचे भाग, आहेत, दुसऱ्या बाजूला उरलेल्या दोन. हे बरोबरच आहे, कारण तिसरी मूव्हमेंट न थांबता चौथीत शिरते आणि तो सांधा एकाच बाजूवर राहायला हवा. पण सगळ्या रेकॉर्ड्स इतक्या सोयीच्या नसतात. संथ मूव्हमेंट मध्येच कापून दुसऱ्या बाजूवर टाकलेली असेल, तर त्या दिवशी नियम मोडा आणि दोन्ही बाजू लावा.

*सावधान:* ऑपेरा आणि मोठ्या कृतींचे जुने बॉक्स सेट पुष्कळदा ऑटोमॅटिक चेंजरसाठी, म्हणजे थप्पीतल्या तबकड्या एकामागून एक आपोआप लावणाऱ्या यंत्रासाठी, बनवलेले असतात. तीन तबकड्यांच्या संचात पहिल्या बाजूच्या पाठीमागे सहावी असते, दुसरीच्या मागे पाचवी आणि तिसरीच्या मागे चौथी. सवयीने तबकडी पालथी केली की पहिल्या अंकातून थेट शेवटात उडी पडते. प्रत्येक लेबलवरचा बाजूचा आकडा वाचून तबकड्यांचा क्रम आदल्या रात्रीच लावून ठेवा.

३. तबकडी वाचा

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून सर्वात जास्त वेळ इथे द्या. कव्हर हा सगळ्यात कच्चा पुरावा. कव्हर बदललेलं असतं, दुसऱ्या प्रतीचं असतं, किंवा मुळातच चुकीचं छापलेलं असतं. वाचण्याचा क्रम असा ठेवा: आधी लेबल, मग शेवटची कोरी पट्टी, आणि कव्हर शेवटी.

*लेबल.* तबकडीच्या मधला गोल कागद. कॅटलॉग क्रमांक उपसर्गासकट उतरवा. एचएमव्हीच्या भारतीय एलपींवर ईएएलपी आणि ईसीएलपी हे मोनोचे उपसर्ग, ईएएसडी आणि ईसीएसडी हे स्टिरिओचे. नुसता '१२५३' लिहिलात तर शोधणाऱ्याला भलतीच रेकॉर्ड सापडू शकते. जुन्या मोनो ध्वनिमुद्रणांना नंतर कृत्रिमपणे स्टिरिओ केलेल्या प्रतीही बाजारात आहेत. लेबलवर किंवा कव्हरच्या पाठीमागे बारीक अक्षरांत तसं छापलेलं असतं. तसं दिसलं तर नोंदीत आवर्जून लिहा, कारण अशा प्रतीवर आवाज पसरट आणि पोकळ येतो आणि ऐकणारा त्याचं खापर गायकावर किंवा वादकावर फोडतो.

*शेवटची कोरी पट्टी.* सुई लेबलाजवळ येऊन थांबते तो गुळगुळीत भाग. टॉर्च तिरकी धरा आणि भिंगातून बघा. इथे मेट्रिक्स क्रमांक कोरलेला असतो आणि ही प्रत कोणत्या साच्यातून निघाली ते त्यावरून कळतं. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या जुन्या रेकॉर्ड्सवर ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांची 'आरव्हीजी' ही अक्षरं किंवा 'व्हॅन गेल्डर' असा ठसा मिळतो, आणि १९६६ पर्यंतच्या अमेरिकी प्रतींवर कानाच्या आकारासारखी दिसणारी एक छोटी खूणही. ती प्लास्टिलाइट या कारखान्याची. लेबल आणि कव्हर हुबेहूब जुनं असून ही चिन्हं नसतील, तर प्रत बहुधा नंतरची आहे. नंतरची प्रत ऐकण्यात काहीही कमीपणा नाही. तिला पहिली म्हणू नका, एवढंच.

*कव्हर.* आता वादकांची नावं, तारखा, ठिकाण घ्या आणि डिस्कॉग्जसारख्या ऑनलाइन सूचीशी ताडून बघा. ताडून का बघायचं, ते ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'वरून नीट कळतं. ही रेकॉर्ड जवळपास प्रत्येक संग्रहात असते आणि तिच्याविषयीच्या नोंदी हमखास चुकतात.

पहिली चूक पियानोवादकाची. सगळ्या रेकॉर्डवर बिल एव्हान्स आहे असं लिहिलं जातं. पहिल्या बाजूच्या दुसऱ्या ट्रॅकवर, 'फ्रेडी फ्रीलोडर'वर, पियानो विन्टन केलीचा आहे. तिसऱ्या ट्रॅकवर, 'ब्लू इन ग्रीन'मध्ये, सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली वाजवतच नाही. मग तारीख: ध्वनिमुद्रण १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत दोन दिवसांत झालं, २ मार्च आणि २२ एप्रिलला. पहिली बाजू पूर्णपणे मार्चची आहे. त्यानंतर क्रम: सुरुवातीच्या काही प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या 'ऑल ब्लूज' आणि 'फ्लेमेंको स्केचेस' या दोन रचनांची नावं उलट क्रमाने छापली गेली. छापील क्रमावर विसंबून लिहिणारा एका रचनेचं वर्णन दुसऱ्या रचनेच्या नावाखाली देतो. आणि शेवटी सूर: मार्चच्या दिवशी टेपचं एक यंत्र किंचित हळू चाललं होतं, म्हणून पहिली बाजू मूळ सुरापेक्षा थोडी चढी ऐकू येते. १९९२ च्या पुनर्मुद्रणात ती दुरुस्त झाली. त्याआधीची एलपी आणि आजचं स्ट्रीमिंग शेजारी ठेवून तुलना केलीत, तर फरक ऐकू येईल. तो तुमच्या टर्नटेबलचा दोष नव्हे.

साल लिहिताना दोन साली वेगवेगळी लिहा: ध्वनिमुद्रणाचं एक, हातातल्या प्रतीचं एक. ग्लेन गूल्डने बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' १९५५ मध्ये ध्वनिमुद्रित केली आणि पुन्हा १९८१ मध्ये, दोन्ही वेळा त्याच थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत. पहिलं साधारण ३८ मिनिटांत संपतं, दुसरं ५१ मिनिटं घेतं. कृती एक, वादक एक, स्टुडिओ एक, आणि तरी ऐकण्याचे दोन वेगळे अनुभव. नोंदीत साल नसेल तर 'गूल्डची गोल्डबर्ग ऐकली' या वाक्याला काही अर्थच उरत नाही.

हिंदुस्थानी रेकॉर्ड्सची अडचण वेगळी. हार्मोनियम आणि तानपुऱ्यावरच्या साथीदारांची नावं कव्हरवर अनेकदा नसतात, कधी तबलजीचंही नसतं. अशा वेळी रकाना मोकळा ठेवा आणि 'कव्हरवर नाव नाही' असं लिहा. 'ठेक्यावरून अमुक वाटतात' असा अंदाज नोंदीत गेला, की पुढचा त्यालाच खात्री समजून उतरवून घेतो आणि चूक कायमची होते.

*तपासा:* क्रमांक, बाजू, दोन्ही साली आणि नावं वहीत आली का? ती आल्यानंतरच सुई उचला.

४. पुसा, वेग बघा, लावा

कोरड्या ब्रशने दोन फेऱ्या पुरे. तबकडी फिरती ठेवा, ब्रश हलकेच टेकवा आणि हळूच बाहेर काढा. हात खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल, फिरला पाहिजे. मधून कडेकडे आडवं पुसलं तर धूळ खाचांत बसते. सदऱ्याच्या टोकाने पुसणं बंद करा. ओली सफाई रोज नको. नवी आणलेली जुनी रेकॉर्ड एकदा डिस्टिल्ड पाण्याने धुऊन घ्या, लेबल कोरडं ठेवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. नळाच्या पाण्यातले क्षार खाचांत राहतात.

*सावधान:* मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना आयसोप्रोपिल किंवा कोणतंही अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. त्या एलपीच्या सुईनेही वाजवू नका. त्यांच्या खाचा रुंद असतात आणि त्यांना वेगळी, जाड टोकाची सुई लागते.

सुई मागून पुढे पुसा, आडवी कधीही नाही. सुईचं खाचेवरचं वजन कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) माहितीपत्रकात दिलंय तेवढंच ठेवा. कमी वजनाने रेकॉर्ड जपली जाते हा समज चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत थडथडते आणि भिंती खरवडते.

आता वेग. महिन्यातून एकदा स्ट्रोब तबकडीने तपासा. तिच्यावर रेघांची वर्तुळं असतात आणि वेग बरोबर असला की दिव्याच्या उजेडात त्या रेघा स्थिर दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, तेव्हा ३३⅓ साठी १८० रेघांचं वर्तुळ बघायचं. अमेरिकी तबकडीवर ६० हर्ट्झचं २१६ रेघांचं वर्तुळ असतं आणि आपल्या विजेवर ते फसवतं. दिवा साधा, पिवळ्या उजेडाचा जुना घ्या. पुष्कळ एलईडी दिवे पुरेसे लुकलुकत नाहीत, त्यामुळे रेघा स्थिर दिसतच नाहीत. वेग सहा टक्क्यांनी वाढला तर काळी एकचा सूर पांढरी दोनवर जातो. टर्नटेबल तपासलेलं नसताना 'या काळात बुवांची पट्टी चढी होती' असं लिहिणं धोक्याचं आहे.

५. दोनदा ऐका

पहिल्यांदा हात बांधून ऐका. वही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. लिहीत ऐकलं की कान पुढच्या वाक्याच्या शोधात राहतो आणि समोर चाललेलं निसटतं. बाजू संपली की जी एकच गोष्ट मनात राहिली ती एका ओळीत लिहा. नोंदीचा कणा तीच ओळ. ती सुचत नसेल तर त्या दिवशी नोंद पाठवू नका, नुसतं वहीत 'ऐकली' लिहा.

दुसऱ्यांदा, त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी, पेन्सिल घेऊन ऐका. काय टिपायचं ते प्रकारानुसार बदलतं.

जॅझमध्ये एकल वादनाचा क्रम लिहा. 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्या ट्रॅकवर, 'सो व्हॉट'मध्ये, आधी डेव्हिस, मग सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन, मग ॲडर्ली, मग एव्हान्स. हा क्रम दिला की नवखा श्रोता हरवत नाही. मग रचनेचं आवर्तन मोजा. 'सो व्हॉट'चं आवर्तन ३२ बारचं आहे (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा छोटा तुकडा). सोळा बार एका सुरावर, आठ बार अर्ध्या सुराने वर आणि आठ पुन्हा खाली. हे आठ बार ज्याला ओळखू आले, त्याला पुढची सगळी रचना उलगडते. ब्लूज असेल तर बारा बार मोजा. तालाची सम धरायची सवय असलेल्या आपल्या श्रोत्याला हे मोजणं पटकन जमतं, म्हणून नोंदीत ते जरूर द्या.

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात कृतीचं नाव, क्रमांक, मूव्हमेंट, वादक, वाद्यवृंद आणि संचालक हे सगळं लागतं. त्यानंतर एकच जागा निवडा. 'सगळी सिंफनी भव्य' यापेक्षा 'तिसऱ्या मूव्हमेंटच्या शेवटी टिम्पनी (नगाऱ्यासारखं वाद्य) हळू वाजत राहतो, तिथून चौथीत उजेड कसा फुटतो ते ऐका' हे वाक्य वाचणाऱ्याला सरळ त्या जागेपाशी नेतं.

ख्यालात बंदिश, ताल आणि लय आधी. मग रागाच्या स्वभावातली एक गोष्ट आणि तिचं या गायकाने काय केलं ते. वीस मिनिटांच्या बाजूत बसवण्यासाठी गायकाने मांडणी आखडती घेतलेली असते. आलापीला किती जागा मिळाली, द्रुत कधी आली, हे नोंदवण्यासारखं असतं.

जागा सांगताना मिनिटांपेक्षा खुणा द्या. 'सात मिनिटं बारा सेकंद' प्रत्येक प्रतीवर आणि प्रत्येक टर्नटेबलवर तिथेच येईल असं नाही. 'ट्रम्पेटचं दुसरं आवर्तन सुरू होतं तिथे' किंवा 'अंतऱ्यानंतरच्या पहिल्या समेवर' ही खूण कुठेही सापडते.

*तपासा:* 'सुंदर', 'अप्रतिम', 'अंगावर काटा' हे शब्द काढून टाका आणि नोंद परत वाचा. काही उरलं का?

६. नोंद लिहा

क्रम असा: काय, कधीचं, कोण, माझी प्रत कोणती, कुठे ऐकायचं, एक प्रश्न. सहा ते आठ ओळी. एक नमुना देतो.

> मंडळी, आज बिल एव्हान्स ट्रिओ, 'वॉल्ट्झ फॉर डेबी', पहिली बाजू, साधारण १९ मिनिटं. २५ जून १९६१, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमधलं प्रत्यक्ष मैफलीतलं ध्वनिमुद्रण. पियानो एव्हान्स, बास स्कॉट लाफारो, ड्रम्स पॉल मोशन. माझी प्रत ओरिजिनल जॅझ क्लासिक्सची, ओजेसी-२१०, म्हणजे बरीच नंतरची.
> दुसरा ट्रॅक ऐका. धून तीनाच्या चालीत सुरू होते. लाफारो मागे नुसता ठेका धरून बसत नाही, पियानोला उत्तर दिल्यासारखी स्वतःची ओळ वाजवतो. मग चाल चाराची होते. मध्येच ग्लासांची किणकिण आणि गप्पा ऐकू येतात, त्या मूळ ध्वनिमुद्रणातल्या आहेत.
> चाल बदलल्याचं तुम्हाला आधी कुणाकडून कळतं, बासकडून की ड्रम्सकडून?

आणि दुसरा, त्याहून लहान.

> अमीर खाँ, मारवा. एचएमव्ही ईएएलपी १२५३, मोनो. विलंबित झुमऱ्यात 'पिया मोरे अनत देस', मग द्रुत 'गुरु बिन ग्यान'. एकच गोष्ट ऐका: षड्ज. रिषभ आणि धैवत यांच्यात खाँसाहेब फिरत राहतात, आपण षड्जाची वाट बघत राहतो, आणि तो येतो तेव्हा लगेच निघूनही जातो. दरबारीची बाजू उद्या रात्री.

दुसऱ्या नमुन्यात प्रश्न नाही, आणि चालतं. ओढूनताणून प्रश्न विचारला की उत्तरंही ओढूनताणून येतात. 'प्रतीच्या अवस्थे'बद्दल लिहायचं असेल तर शेवटी एका ओळीत, तेही ऐकण्यावर परिणाम होत असेल तरच. खरखरीचं वर्णन वाचायला कुणी येत नाही.

७. फोटो: दोनच

एक लेबलचा, एक कव्हरचा. लेबलचा आधी, कारण शोधायला तोच उपयोगी. खिडकीच्या बाजूच्या उजेडात काढा, फ्लॅश बंद. जुन्या एचएमव्हीच्या चकचकीत कव्हरवर प्रकाशाचा पट्टा येतो, तेव्हा फोन सरळ वर न धरता थोडा बाजूला घ्या. कॅटलॉग क्रमांक फोनच्या पडद्यावर वाचता आला पाहिजे. कव्हरवर आधीच्या मालकाचं नाव-पत्ता किंवा कुणाला दिलेल्या भेटीचा मजकूर असेल तर तो झाकून फोटो घ्या.

८. आवाज पाठवायचा का?

फोनच्या माइकने स्पीकरसमोर घेतलेलं ध्वनिमुद्रण पाठवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात पंख्याचा आवाज येतो, बास नाहीसा होतो, आणि ऐकणारा त्यावरून रेकॉर्डविषयी मत बनवतो. कायद्याचंही बघा. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. रचनेचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं. ध्वनिमुद्रण जुनं म्हणून त्यावरची जॅझ रचनाही मोकळी झाली, असं होत नाही. इतर देशांत मुदती निराळ्या आहेत.

तेव्हा अधिकृत स्ट्रीमिंगची लिंक द्या, पण आधी स्वतः उघडून ऐका. गूल्डच्या १९५५ विषयी लिहून १९८१ ची लिंक गेलेली मी अनेकदा पाहिली आहे. एकूण लांबी आणि साल ताडा. वाढीव ट्रॅक घातलेल्या आवृत्त्यांत क्रम बदललेला असतो, तिथे 'तुमच्याकडे हा चौथा ट्रॅक असेल' असं लिहा. अधिकृत लिंक मिळत नसेल तर तसं सांगा आणि घरी ऐकायला बोलवा.

९. पाठवा, आणि मग थांबा

वेळ ठरवा आणि पाळा. रागाच्या वेळेशी ती जुळली तर उत्तम. मारव्याची नोंद दुपारी चारला गेली तर संध्याकाळी लावायला वेळ मिळतो. दिवसाला एकच. एका दमात पाच नोंदी आल्या की पाचही वाचल्या जात नाहीत.

उत्तरं येतील त्यांत दुरुस्त्याही असतील. कुणी साथीदाराचं नाव सांगितलं तर 'कुठे छापलंय?' एवढं विचारा, खात्री झाली की वहीत नाव आणि आधार दोन्ही लिहा, आणि गटावर दुरुस्ती टाका. जुना संदेश खोडू नका. ज्यांनी तो उतरवून घेतलाय त्यांना दुरुस्तीही दिसायला हवी.

नव्याने आलेला कुणी विचारतो, 'काका, मला जॅझमधलं काही कळत नाही, कुठून सुरू करू?' त्याला वीस रेकॉर्ड्सची यादी देऊ नका. एक बाजू द्या आणि एक काम: 'हे तीनदा ऐक आणि फक्त बास गुणगुणून बघ.' आठवड्याने त्याला विचारा. याद्या जपून ठेवल्या जातात आणि ऐकल्या जात नाहीत.

*सावधान:* मत वेगळं पडलं की प्रतीच्या किमतीवर आणि यंत्राच्या महागपणावर बोलणं घसरतं. नोंद लिहिणाऱ्याने चर्चा परत त्या बाजूवर आणावी: 'तुम्हाला द्रुत घाईची वाटली ती कुठल्या ओळीपासून?'

१०. महिनाअखेरीस वही चाळा

तीन गोष्टी बघा. कोणती कपाटं उघडलीच नाहीत? कोणत्या रकान्यात 'नाव नाही' सारखं येतंय? आणि कोणत्या बाजूंवर सगळ्यात जास्त बोलणं झालं? पहिल्या उत्तरावरून पुढच्या महिन्याची निवड करा. दुसऱ्यावरून मोकळ्या रकान्यांची एकत्र यादी करून गटाला द्या. जुनी कव्हरं असलेल्या एखाद्याकडे ती नावं छापलेली सापडतात. तिसऱ्यावरून घरच्या बैठकीसाठी दोन बाजू निवडा. एक जॅझची आणि एक शास्त्रीयची ठेवा, मध्ये चहाला अर्धा तास सोडा, आणि लेबलांवरची माहिती लिहिलेला कागद रेकॉर्ड लावण्याआधीच सगळ्यांच्या हातात द्या.